चढावरचा वेग कसा मोजायचा आणि कसा वाढवायचा: ट्रेल रनरसाठी टप्प्याटप्प्याने

डोंगरवाटांवर पळणारे बहुतेक जण चढाचा सराव भरपूर करतात, पण मोजत नाहीत. जे मोजतात त्यांचा भर घड्याळातल्या पेसवर (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं), दिवसाअखेरच्या एकूण चढाईवर किंवा ‘आज फारसा दम लागला नाही’ या अंदाजावर असतो. या तिन्हींवरून आपण नेमके कुठे कमी पडतो ते कळत नाही. मग प्रत्येक चढ धापा टाकतच चढला जातो आणि दोन महिन्यांनी वेग होता तिथेच राहतो.

खालचा क्रम मोडू नका. आधी मोजमाप, मग निदान, त्यानंतर सराव. सरावाचा टप्पा आधी वाचून थेट डोंगराकडे निघालात तर पुढचे आकडे तुलनेला उपयोगी पडणार नाहीत.

इशारा: यातल्या दोन चाचण्या पूर्ण जोर लावून करायच्या आहेत. हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असेल, श्रमाने छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा बऱ्याच काळात जोराचा व्यायाम झालेला नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. चाचणीच्या मध्ये यातलं काही जाणवलं तर तिथेच थांबा.

## टप्पा १: पेस सोडा, मीटर-प्रति-तास धरा

चढावर मोजायचा वेग म्हणजे एका तासात किती मीटर उंची चढलात.

चढलेली उंची (मीटर) × ६० ÷ लागलेली मिनिटं = मीटर प्रति तास.

३०० मीटर उंची २० मिनिटांत चढलात तर वेग ९०० मीटर प्रति तास. हाच वेग १५ टक्के चढावर साधारण १० मिनिटं प्रति किलोमीटर दिसतो आणि ३० टक्के चढावर २० मिनिटं. उंची दोन्हीकडे तेवढ्याच वेगाने मिळवली, पण पेस पाहणाऱ्याला वाटतं की दुसऱ्या चढावर आपण निम्म्याने मंदावलो. पेसवरून चढाचा सराव ठरवू नये तो यासाठीच.

टक्के आणि अंश यांचा घोळ इथेच मिटवा. १०० मीटर आडव्या अंतरात ३० मीटर उंची म्हणजे ३० टक्के, आणि हा कोन जेमतेम १६.७ अंशांचा असतो. १५ टक्के म्हणजे ८.५ अंश, २० टक्के म्हणजे ११.३ अंश, ४० टक्के म्हणजे २१.८ अंश. ४५ अंशांचा चढ १०० टक्क्यांचा असतो. तिथे पळणं दूरच, बहुतेक ठिकाणी हात टेकावे लागतात.

एक मर्यादा लक्षात ठेवा. मीटर-प्रति-तास हा आकडा सगळ्या चढांवर सारखा येत नाही. ८ टक्क्यांच्या चढावर बरीच ताकद पुढे सरकण्यातच जाते, त्यामुळे उंची हळू मिळते. साधारण २० ते ३० टक्के चढावर एक मीटर उंची मिळवायला सर्वांत कमी ऊर्जा लागते. म्हणून ८ टक्क्यांवरचा आकडा २५ टक्क्यांवरच्या आकड्याशी ताडून पाहू नका.

कमाल किती, याचा अंदाज हवा असेल तर स्वित्झर्लंडमधल्या फुली इथे २०१७ मध्ये १००० मीटरची चढाई २८ मिनिटं ५३ सेकंदांत झाली. म्हणजे ताशी जवळपास २०८० मीटर. तुमची तुलना मात्र तुमच्याच मागच्या आकड्याशी करा.

## टप्पा २: एकच चढ निवडा आणि त्याची उंची पक्की करा

चाचणीची निम्मी अचूकता चढाच्या निवडीत आहे. चढ असा हवा:

– तीव्रता १५ ते ३० टक्के आणि शक्य तितकी एकसारखी
– मध्ये सपाटी किंवा उतरण नाही
– एकूण उंची २५० ते ३५० मीटर
– पायाखाली घट्ट वाट. सुटे दगड, निसरडा मुरूम किंवा हात लावावे लागतील असे खडक नाहीत
– पावसानंतरही वाट फारशी बदलत नाही
– सुरुवात आणि शेवट नेमका दाखवता येईल अशा खुणा: मोठा दगड, झाड, वाटेचा फाटा

याच चढाच्या खालच्या भागात ६० ते ८० मीटर उंचीचा एक छोटा तुकडाही आखून घ्या. तो छोट्या चाचणीसाठी लागेल.

आता उंची. घड्याळ दाखवतं ती ‘एकूण चढाई’ इथे वापरू नका. जीपीएसवरून आलेली उंची क्षणाक्षणाला खालीवर होते. घड्याळ त्यातले लहान चढउतार कधी गाळतं, कधी बेरजेत धरतं, आणि प्रत्येक कंपनीची गाळण्याची पद्धत वेगळी. त्यामुळे शेजारी शेजारी पळणाऱ्या दोघांच्या एकूण चढाईत सहज फरक पडतो. तुम्हाला हवी आहे ती फक्त शेवटच्या आणि सुरुवातीच्या खुणेच्या उंचीतली वजाबाकी.

ती अशी काढा:

१. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) असलेल्या नकाशावर दोन्ही खुणा शोधा आणि उंचीतला फरक लिहा.

२. बॅरोमीटर असलेलं घड्याळ घेऊन चढ आरामात चढा. सुरुवातीच्या खुणेपाशी दोन मिनिटं थांबून उंची नोंदवा, वर पोचल्यावर पुन्हा थांबून नोंदवा, लगेच खाली येऊन तिसऱ्यांदा नोंदवा.

३. खालच्या दोन नोंदींत फरक असेल तर त्यांची सरासरी काढा आणि ती वरच्या नोंदीतून वजा करा. चढायला आणि उतरायला साधारण सारखा वेळ लागला असेल तर ही दुरुस्ती पुरते.

४. हे वेगवेगळ्या तीन दिवशी करा आणि तिन्ही आकड्यांची सरासरी घ्या. एकदा ठरलेली उंची पुन्हा बदलायची नाही.

तिसऱ्या पायरीचं कारण असं. बॅरोमीटर हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची काढतो. समुद्रसपाटीच्या आसपास १ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे सुमारे ८ मीटर. हवामान बदलताना दाब तासाभरात तेवढा सहज हलतो आणि जागेवर उभं असतानाही घड्याळ उंची वाढल्याचं किंवा घटल्याचं दाखवतं. सेन्सरच्या छिद्रात घाम किंवा माती साचली, किंवा त्यावर बाही ओढली गेली, तरी आकडा बिघडतो. छिद्र साध्या पाण्याने धुवा, टाचणी घालू नका.

तपासणी: नकाशावरची उंची आणि घड्याळाची सरासरी यांत ३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक आहे का? असेल तर बहुधा खूण नकाशावर चुकीच्या जागी धरली आहे. वाट अरुंद धारेवरून जात असेल तर ऑनलाइन नकाशांची उंची विशेष चुकते, कारण त्यांच्या माहितीतले बिंदू बरेचदा एकमेकांपासून ३० मीटर दूर असतात आणि धार त्या दोहोंच्या मधे हरवते.

चढ नसेल तर ट्रेडमिल. १५ टक्क्यांवर पट्ट्याचा वेग ताशी ६ किलोमीटर असेल तर उंची ताशी ८९० मीटर मिळते. मात्र ट्रेडमिलवर दिसणाऱ्या टक्क्यांवर विश्वास ठेवू नका. डेकच्या (पट्ट्याखालच्या फळीच्या) कडेवर १०० सेंटिमीटर अंतराने दोन खुणा करा आणि दोन्हींची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. खरा १५ टक्के चढ असेल तर फरक १४.८ सेंटिमीटर येतो. तो १३ आला तर खरा चढ १३ टक्क्यांच्या आसपासच आहे. आणि कठडा धरायचा नाही. कठडा धरला की वजनाचा काही भाग हातांवर जातो आणि आकडा निरुपयोगी होतो.

## टप्पा ३: तीन चाचण्या

आधी पूर्वतयारी. चाचणीच्या आधी ४८ तास जोराचा सराव किंवा लांब उतार नको. बूट तेच, पिण्याचं पाणी तेवढंच, वेळ शक्यतो तीच. अंगावरचे कपडे, बूट आणि सॅक यांसह वजन करून लिहून ठेवा. पोल (चढताना टेकायच्या काठ्या) पहिल्या फेरीत वापरू नका. हृदयगतीसाठी छातीचा पट्टा लावा. चढावर मनगट वाकलेलं असतं किंवा हात मांडीवर दाबलेला असतो, त्यामुळे मनगटावरचा सेन्सर भलतेच आकडे देतो.

वॉर्म-अप १५ ते २० मिनिटांचा: सपाटीवर हळू पळणं, मग चढावर १५ ते २० सेकंदांचे तीन झपाटे, मग पाच मिनिटं चालणं. वॉर्म-अप न करता निघालात तर पहिली तीन मिनिटं पाय भरून येण्यात जातात आणि छोट्या चाचणीत तोच सगळा वेळ असतो.

### चाचणी अ: छोटा तुकडा

६० ते ८० मीटर उंचीचा आखलेला तुकडा शक्य तितक्या लवकर चढा. वेळ साधारण ३ ते ५ मिनिटं यायला हवी.

‘४ मिनिटांत कुठवर पोचतो’ अशी चाचणी घेऊ नका. घड्याळ थांबतं तिथली उंची माहीत नसते, मग पुन्हा जीपीएसकडे वळावं लागतं. उंची ठरलेली ठेवा आणि फक्त वेळ मोजा.

### चाचणी ब: पूर्ण चढ

किमान ४८ तासांनी, २५० ते ३५० मीटरचा पूर्ण चढ एका दमात. वेळ १८ ते ३० मिनिटं.

इथे सगळ्यांची एकच चूक होते: पहिला पाव भाग फार जोरात. पाव, अर्धा आणि पाऊण उंचीवर खुणा ठेवा आणि तिथे घड्याळाचं लॅपचं बटण दाबा, म्हणजे प्रत्येक भागाची वेळ वेगळी नोंदली जाते. चारही भाग एकमेकांच्या ५ टक्क्यांच्या आत हवेत. पहिला भाग सर्वांत जलद आणि चौथा सर्वांत मंद असेल तर मिळालेला आकडा क्षमतेचा नाही, घाईचा आहे. आठवड्याने पुन्हा करा. धापेवरून ओळखायचं तर पहिल्या पाच मिनिटांत तीन-चार शब्दांचं वाक्य बोलता यायला हवं.

### चाचणी क: टिकाव

हृदयगतीची एक मर्यादा ठरवा. पूर्ण वाक्यं बोलत चढता येईल इतकीच. त्या मर्यादेत सुमारे २०० मीटरचा चढ चार वेळा चढा, प्रत्येक वेळी खाली चालत या. हृदयगती मर्यादेवर स्थिर ठेवा आणि प्रत्येक चढाची वेळ लिहा. चौथ्या फेरीचा वेग पहिल्या फेरीपेक्षा किती टक्क्यांनी उतरला ते काढा. वाटेत पाणी आणि ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या, म्हणजे उपाशीपोटामुळे आलेली घसरण टिकावाच्या खात्यात जाणार नाही.

तपासणी: तिन्ही चाचण्यांच्या नोंदीत तापमान, वाटेची अवस्था, झोप आणि वजन लिहिलं का? उन्हाच्या दिवसाचा आकडा गार दिवसाशी ताडला तर निष्कर्ष हमखास चुकतो. साधारण १५०० मीटरच्या वर विरळ हवेने वेग स्पष्टपणे घटतो, म्हणून चाचणीचा डोंगर तोच ठेवा.

## टप्पा ४: आकडे काय सांगतात

उदाहरण घेऊ. अ चाचणीत ७० मीटर ४ मिनिटांत, म्हणजे ताशी १०५०. ब चाचणीत ३०० मीटर २० मिनिटांत, म्हणजे ताशी ९००.

पहिला हिशोब, टिकाऊ वेग. दोन्ही उंचींतला फरक भागिले दोन्ही वेळांतला फरक: २३० मीटर ÷ १६ मिनिटं = १४.४ मीटर प्रति मिनिट, म्हणजे ताशी सुमारे ८६०. हा वेग दमाच्या उंबरठ्याजवळचा असतो. त्याच्या खाली राहिलात तर बराच वेळ चढता येतं, वर गेलात की मिनिटं मोजून मिळतात. पुढचा सगळा सराव या आकड्यावर बेतायचा आहे.

दुसरा हिशोब, ब ÷ अ. इथे ९०० ÷ १०५० = ८६ टक्के. पुढचे आकडे ढोबळ आहेत, पण निर्णयाला पुरतात.

– ८० टक्क्यांच्या खाली: जोर आहे, दम टिकत नाही. पाया कच्चा.
– ८२ ते ९० टक्के: समतोल. टिकाऊ वेग वाढवण्यावर भर द्या.
– ९० टक्क्यांच्या वर: दम टिकतो, पण कमाल वेगच कमी आहे. ताकद आणि जोराचे इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत केलेले छोटे जोराचे चढ) हवेत.

मधले एक-दोन टक्के कुठल्या गटात धरायचे यावर वेळ घालवू नका. क चाचणी निर्णय देते.

तिसरा, क चाचणीतली घसरण. ५ टक्क्यांपर्यंत ठीक. १० टक्क्यांच्या वर गेली तर ब ÷ अ काहीही असो, आधी पाया. लांब शर्यतींत रखडणारे बहुतेक जण इथेच अडकलेले असतात आणि तरीही इंटरव्हलच वाढवत राहतात.

घसरण नेमकी कशाची तेही पाहा. चौथ्या फेरीत श्वास शांत होता पण मांड्या जड होऊन पाय उचलेना, तर स्नायूंचा टिकाव कमी आहे. पाय ठीक होते पण त्याच हृदयगतीला वेग मिळेना, तर दमाचा पाया कमी आहे. चाचणी संपताच हे एका ओळीत लिहा. दुसऱ्या दिवशी नीट आठवत नाही.

वजनाचा हिशोब वेगळा ठेवा. ७० किलोच्या माणसाने ४ किलोची सॅक घेतली तर तेवढ्याच जोराला ताशी ९०० चा वेग सुमारे ८५० होतो. चाचणी रिकाम्या अंगाने आणि शर्यत सॅकसह असेल तर हा फरक आधीच धरा.

## टप्पा ५: कुठे पळायचं, कुठे चालायचं

चढावर चालणं म्हणजे हार, ही समजूत वेग खाते. प्रयोगांत ताशी १२६० मीटरच्या उभ्या वेगाला साधारण १६ अंशांच्या, म्हणजे २८ टक्क्यांच्या पुढे चालणं पळण्यापेक्षा स्वस्त पडलेलं दिसलं आहे. तो वेग चांगल्या धावपटूंचा. तुमचा वेग ताशी ७००-९०० असेल तर चालणं त्याहून सौम्य चढावरच स्वस्त पडू लागतं.

स्वतःची सीमा अशी काढा. १५, २० आणि २५ टक्क्यांचे तीन तुकडे घ्या. प्रत्येकावर एकदा झपझप चालत आणि एकदा हळू पळत, तेवढ्याच वेळात वर पोचा. मध्ये हृदयगती पूर्ण खाली येऊ द्या. शेवटच्या अर्ध्या मिनिटाची हृदयगती ताडून पाहा. जिथून चालताना ती कमी दिसू लागते, ती तुमची सीमा. लांब शर्यतीत त्याच्या पुढे पळायचं नाही, पायात जोर असला तरी.

चालण्याचंही तंत्र आहे आणि त्यावर वेळ घालवणं फायद्याचं ठरतं.

खुब्यातून पुढे झुका, कमरेतून वाकू नका. पाठ सरळ ठेवा, नाहीतर छाती दाबली जाते आणि श्वास अपुरा पडतो. पाऊल लहान टाका. एका मोठ्या पायरीऐवजी शेजारचा छोटा दगड मिळत असेल तर दोन पावलांत चढा. पाय ठेवताना टाच टेकायला जागा आहे का ते बघा. टाच हवेत राहिली की प्रत्येक पावलाला पोटरी वजन धरून ठेवते आणि अर्ध्या तासात पेटते. वाटेतला सपाट दगड किंवा कडेची खोबण शोधून टाच टेकवली तर भार मांडी आणि नितंबाच्या मोठ्या स्नायूंवर जातो. फार उभ्या जागी तळहात गुडघ्याच्या जरा वर मांडीवर ठेवा आणि तो पाय सरळ होतो त्याच क्षणी दाबा. आधी दाबलं तर गुडघ्यावर उगाच भार येतो, उशिरा दाबलं तर काही उपयोग नाही.

पोल घेणार असाल तर उभ्या चढासाठी सपाटीपेक्षा थोडे आखूड करा. टोक शरीराच्या पुढे नको, पायाच्या रेषेत किंवा जरा मागे रोवा, म्हणजे ढकलता येतं. पुढे रोवले तर तुम्ही स्वतःला ओढत राहता आणि खांदे आधी थकतात. पोलसह घेतलेली चाचणी वेगळ्या पानावर लिहा.

## टप्पा ६: निदानाप्रमाणे सराव

आठवड्यात जोराचे दिवस दोनच. बाकी सगळं हळू. हे पाळलं जात नाही, म्हणून इतक्या स्पष्टपणे लिहितो आहोत.

सुरुवातीचा भार ठरवायला मागच्या चार आठवड्यांची सरासरी चढाई घ्या. दर आठवड्याला साधारण १० टक्के वाढ, चौथ्या आठवड्यात एकतृतीयांश कपात. ८०० मीटर असेल तर ८००, ८८०, ९७० आणि मग ६५०. जेवढं चढता तेवढं उतरताही, हे विसरू नका. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जी ठणक असते ती बहुधा त्याचीच असते.

### पाया कच्चा असेल तर (८ आठवडे)

आठवड्यातून दोनदा ४५ ते ९० मिनिटांची सलग किंवा तुकड्यांतली चढाई, क चाचणीच्या हृदयगतीच्या मर्यादेत. मर्यादा ओलांडली की चाला. चालूनही ओलांडत असेल तर सौम्य चढावर जा. पहिले दोन-तीन आठवडे हे फार हळू वाटतं; तसंच हवं. सोबत एकच जोराचा दिवस ठेवा.

### टिकाऊ वेग वाढवायचा असेल तर (६ आठवडे)

टिकाऊ वेगाच्या ९५ ते १०० टक्क्यांवर ८ मिनिटांचे तीन चढ. उदाहरणातल्या धावपटूसाठी ताशी सुमारे ८३५, म्हणजे ८ मिनिटांत ११० मीटर. तेवढ्या उंचीचा तुकडा आखा आणि तो बरोबर ८ मिनिटांत चढा. साडेसात मिनिटांत पोचलात तर ते यश नाही, सराव चुकला. खाली चालत किंवा अलगद पळत या. दर दोन आठवड्यांनी वाढ: आधी चार चढ, मग १० मिनिटांचे चार.

### कमाल वेग कमी असेल तर (६ आठवडे)

पहिला दिवस इंटरव्हलचा: ३ मिनिटांचे पाच चढ, अ आणि ब यांच्या मधल्या वेगाने. उदाहरणात ताशी ९६०, म्हणजे ३ मिनिटांत ४८ मीटर. मध्ये किमान ३ मिनिटं विश्रांती. पाचवा चढ पहिल्यापेक्षा ३ टक्क्यांहून मंद असेल तर पुढच्या वेळी वेग कमी करा, संख्या नाही.

दुसरा दिवस झपाट्यांचा: २० ते ३० टक्के चढावर ८ ते १० सेकंद पूर्ण जोर, मध्ये २ ते ३ मिनिटं चालणं. पहिल्या आठवड्यात चारच, हळूहळू दहापर्यंत. विश्रांती कमी करून धाप वाढवू नका. इथे ताकद कमवायची आहे.

इशारा: एका पायावर, गुडघा सरळ ठेवून, सलग २५ वेळा टाच वर उचलता येत नसेल तर झपाटे सुरू करू नका. पोटरी आणि टाचेमागची शीर दुखावण्याची ही सर्वांत सोपी वाट आहे. सकाळी पहिल्या पावलाला टाचेमागे कळ आली तर झपाटे लगेच बंद.

### ताकद, सगळ्यांसाठी

आठवड्यातून दोनदा, ३०-४० मिनिटं, शक्यतो जोराच्या पळण्याच्याच दिवशी नंतर, म्हणजे हळू दिवस हळूच राहतात.

– स्टेप-अप: गुडघ्याच्या उंचीचा खोका, प्रत्येक पायाने ६ ते ८, तीन वेळा. खालच्या पायाने उडी घेऊ नका. त्या पायाची बोटं वर उचलून ठेवली की फसवणूक आपोआप थांबते.
– मागचा पाय बाकावर ठेवून एका पायाची बैठक: ८, तीन वेळा.
– टाच उचलणं: गुडघा सरळ ठेवून १२ आणि गुडघा वाकवून १५, तीन-तीन वेळा. वाकवलेला प्रकार गाळू नका. खोलवरचा पोटरीचा स्नायू त्यानेच तयार होतो आणि चढावर सर्वाधिक राबतो तोच.

### मांड्या आधी थकत असतील तर

पाया झाल्यावर आठवड्यातून एकदा, एका जोराच्या दिवसाऐवजी, २५ टक्क्यांहून उभ्या चढावर वजन घेऊन चाला. सुरुवात शरीराच्या १० टक्के वजनाने, २० ते ३० मिनिटं. पुढे १५ टक्के आणि ४५ मिनिटं. एका वेळी वजन किंवा वेळ यातलं एकच वाढवा. मांड्या पेटल्या पाहिजेत, श्वास नाही. धाप लागली तर वजन कमी पडतंय आणि तुम्ही वेगाने भरपाई करताय. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या न्या आणि वर पोचल्यावर ओतून द्या, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर तो भार येत नाही. शेवटची अशी चढाई शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी.

## टप्पा ७: पुन्हा मोजा

६ ते ८ आठवड्यांनी, कपातीच्या आठवड्याच्या शेवटी, त्याच क्रमाने तिन्ही चाचण्या. मध्येच उत्सुकतेपोटी ब चाचणी करू नका. ती स्वतःच एक जड सराव आहे आणि आठवडा बिघडवते.

२-३ टक्क्यांपर्यंतचा फरक दिवसादिवसातलाच असतो, त्याला प्रगती किंवा पीछेहाट म्हणू नका. त्याहून मोठा फरक असेल तर असा वाचा:

– अ वाढला, ब तिथेच: जोर आला, टिकाव नाही. पुढची फेरी टिकाऊ वेगाची.
– ब वाढला, अ तिथेच: सराव लागू पडला. ब ÷ अ ९० टक्क्यांच्या वर गेलं असेल तर आता कमाल वेगाकडे वळा.
– क सुधारला, बाकी तसंच: पाया बसतोय. आणखी चार आठवडे तेच करा.
– तिन्ही घटले: वजन, झोप, लोह आणि हिमोग्लोबिन, मागच्या तीन आठवड्यांतला भार, या क्रमाने तपासा. सराव वाढवू नका.

## टप्पा ८: शर्यतीत आकडा कसा वापरायचा

शर्यतीच्या नकाशातून प्रत्येक मोठ्या चढाची उंची आणि सरासरी टक्के काढा. एकच छोटा चढ असेल तर टिकाऊ वेगाच्या आसपास जाता येतं. चार-सहा तासांच्या शर्यतीत पहिल्या चढांसाठी टिकाऊ वेगाच्या ७० ते ८० टक्के धरून चाला. उदाहरणातल्या धावपटूसाठी ताशी ६०० ते ६९०. ४०० मीटरच्या चढाला ३५ ते ४० मिनिटं. १० टक्क्यांहून सौम्य चढांना हा हिशोब लावू नका, तिथे हृदयगती पाहा. सॅकचं वजन आणि उंचीवरची विरळ हवा यांच्यासाठी आकडा आणखी खाली आणा.

प्रत्येक चढाची अपेक्षित वेळ एका पट्टीवर लिहून पोलला किंवा बाटलीला चिकटवा. घड्याळाच्या पडद्यावर पेस काढून टाका. उंची, उभा वेग आणि हृदयगती एवढंच ठेवा. क्षणाचा उभा वेग फार उड्या मारतो, म्हणून दर ५० मीटर उंचीला वेळ पाहा. पहिल्या चढाच्या पहिल्या १०० मीटरमध्ये ठरलेल्या वेळेच्या १० टक्के पुढे असाल, तर पुढचे १०० मीटर चालत जा.